एक नंबरची खुर्ची

११ फेब्रुवारी २०१४. डेबियन लिनक्सच्या तांत्रिक समितीचा निकाल लागला. सदस्य आठ, मतं समसमान. शेवटी अध्यक्ष बीडेल गार्बी यांनी आपलं निर्णायक मत टाकलं आणि सिस्टिमडी जिंकलं.

वाद कशावर होता? मशीन सुरू झालं की पहिला प्रोग्राम कोणता चालवायचा, यावर.

हसू नका. याच वादापायी त्या वर्षी राजीनामे पडले. काहींनी वेगळी चूल मांडली, तिचं नाव ठेवलं देवुआन. चूल पेटायला मे २०१७ उजाडला. तोवर बाकीची पंगत उठली होती.

ज्यांना या भाऊबंदकीचं मूळ ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. बटण दाबलं की आधी फर्मवेअर जागं होतं. ते ग्रब नावाच्या बूटलोडरला उठवतं, ग्रब कर्नलला उठवतो. सोबत इनिट-रॅम-एफएस नावाची शिदोरी देतो, कारण खरी डिस्क उघडायला लागणारे ड्रायव्हर बऱ्याचदा तिच्यातच असतात. डिस्क सापडली की कर्नल एक प्रोग्राम सुरू करतो. त्याचा क्रमांक १. पुढचं सगळं, म्हणजे नेटवर्क, प्रिंटर, लॉगिनची खिडकी, त्याच्याच वंशावळीत.

हा एक नंबर म्हणजे इनिट. याला मारता येत नाही. तुम्ही रूट, म्हणजे मशीनचे सर्वाधिकारी, असलात तरी नाही. किल उणे नऊ म्हणा, तो ढिम्म. अनाथ झालेल्या प्रोसेस दत्तक घेणं आणि मेलेल्यांची नोंद मिटवणं हेही त्याच्याकडेच. तो स्वतःहून गेला, तर मात्र कर्नल त्याच क्षणी हातपाय गाळतो. त्याला कर्नल पॅनिक म्हणतात.

कुणी हटवू शकत नाही, आणि गेला तर सगळ्यांना घेऊन जातो. अशा खुर्चीसाठी भांडणं होणार नाहीत तर काय?

या खुर्चीवर आधी बरीच वर्षं सिस्टिम फाइव्ह पद्धतीचं इनिट बसलं होतं. नाव १९८३ सालच्या एटी अँड टीच्या युनिक्सवरून आलेलं. प्रत्येक सर्व्हिसची एक शेल स्क्रिप्ट, प्रत्येक स्क्रिप्टला नंबर. रेशनच्या दुकानासमोरच्या रांगेसारखा कारभार. पुढचा हलल्याशिवाय मागचा हलणार नाही. मशीनचं नाव डीएनएसमध्ये सापडत नाही म्हणून सेंडमेल अडून बसायचं, आणि लॉगिनची वाट बघणारा माणूस ताटकळायचा.

त्याला मेल पाठवायचीच नसायची.

मशीनच्या अवस्थांनाही नंबर, त्यांना रनलेव्हल म्हणत. रनलेव्हल ० म्हणजे मशीन बंद, ६ म्हणजे रीबूट. इनिटच्या इनिटॅब फायलीत खास सूचना असायची, की हे दोन आकडे नेहमीचे म्हणून ठेवू नका. ० ठेवला तर मशीन सुरू होताच बंद होणार. ६ ठेवला तर जन्मभर रीबूट. अशा सूचना उगाच लिहिल्या जात नाहीत. कुणीतरी आधी करून पाहिलेलं असतं.

ते सगळं फार साधं होतं, असं आता सांगतात. हो, साधंच होतं. ज्यांना दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट रात्री दोनला वाचावी लागली नाही, त्यांच्यासाठी.

मशीन सुरू करण्याची रीत बदलायला हवी, हे अ‍ॅपलला आणि सनला २००५ मध्ये कळलं. एकाने लॉंचडी आणलं, दुसऱ्याने सोलारिस १० मध्ये एसएमएफ. पुढच्या वर्षी उबंटूने अपस्टार्ट आणलं. घटना घडली की सर्व्हिस सुरू, असा त्याचा हिशेब. रेड हॅटनेही एंटरप्राइझ लिनक्स ६ मध्ये ते घेतलं.

आणि ७ मध्ये सोडलं.

कारण मधल्या काळात लेनर्ट पॉटरिंग आले होते. ३० एप्रिल २०१० रोजी त्यांनी एक लांबलचक लेख लिहून एक नंबरचा नव्याने विचार करा म्हणून सांगितलं. के सीव्हर्स यांना सोबत घेऊन सिस्टिमडी उभं केलं. रांग मोडा, सगळ्या सर्व्हिसेस एकदम सुटू द्या, कोणती प्रोसेस कुणाची याची नोंद कर्नलकडूनच घ्या. मे २०११ मध्ये फेडोरा १५ मध्ये ते बसलंही.

विचार पटण्यासारखा होता. पण लोकांना आधी आवाज सांभाळणारा पल्सऑडिओ आठवला. तोही पॉटरिंग यांचाच. तेव्हा नुसता आवाज गेला होता, आता मशीन जाईल, अशी धास्ती.

एक काम करा आणि ते नीट करा, हा युनिक्सचा जुना मंत्र. सिस्टिमडीने सुरुवात एकाच कामाने केली. मग लॉग घेतले, लॉगिन घेतलं, घड्याळ घेतलं, नेटवर्क घेतलं, डीएनएस घेतलं. २०१२ मध्ये जोडलेली उपकरणं सांभाळणारं यूडेव्ह पोटात घातलं. पुढे होम फोल्डरही सांभाळायला घेतलं.

टीका झाली. तिचं काय झालं? जून २०२४ मध्ये आवृत्ती २५६ आली, तेव्हा यात युनिक्सचं तत्त्वज्ञान ४२ टक्के कमी आहे, अशी थट्टा त्यांनीच केली. त्याच आवृत्तीत तात्पुरत्या फायली साफ करणाऱ्या प्रोग्रामला 'पर्ज' असा नवा पर्याय मिळाला. चालवून पाहणाऱ्यांचं होम फोल्डरही साफ झालं.

थट्टा अंगाशी येते ती अशी. पुढची दुरुस्त आवृत्ती लगोलग आली.

२०१७ मधला किस्सा तर संग्रही ठेवावा असा. सर्व्हिसच्या फायलीत युजरचं नाव आकड्याने सुरू होणारं असलं, तर सिस्टिमडी ते नाव अमान्य करायचं आणि ती सर्व्हिस रूटच्या हक्काने चालवायचं. नाव पसंत नाही म्हणून थेट सर्वाधिकार! तक्रार गेली. शेरा पडला, हा दोष नाही.

मग काय, गुण?

एप्रिल २०१४ मध्ये खुद्द कर्नलवाल्यांशी वाजलं. कर्नलला सुरू होताना 'डीबग' हा शब्द दिला की तो जास्त बोलतो, ही जुनी सोय. तोच शब्द सिस्टिमडीही वाचायचं आणि तेही तोंड उघडायचं. इतकं, की मशीन बूटच होईना. बिघाड शोधायला दिलेला शब्द हाच बिघाड.

सीव्हर्स यांचं उत्तर आलं, की शब्द काही पहिल्या वापरणाऱ्याच्या मालकीचा होत नाही. कर्नलचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांचा पारा चढला. सीव्हर्स यांचा कोड आपण कर्नलमध्ये घेणार नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. पाच इंग्रजी अक्षरांवरून.

डेबियनचा निकाल लागल्यावर तिसऱ्या दिवशी, १४ फेब्रुवारीला, उबंटूचे मार्क शटलवर्थ यांनीही अपस्टार्ट सोडत असल्याचं लिहिलं. हार मोठ्या मनाने पत्करली. एप्रिल २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबंटू १५.०४ दोन्ही सिस्टिमडी घेऊन आले. क्रोमबुकांत मात्र अपस्टार्ट राहिलं. ज्यांनी जन्माला घातलं त्यांनी सोडलं, गूगलने सांभाळलं.

आणि पॉटरिंग? २०२२ मध्ये ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. डिसेंबर २०२३ मध्ये सिस्टिमडी २५५ आलं. त्यात बूट बिघडलं की पूर्ण पडदा निळा करून एरर दाखवणारा नवा प्रोग्राम होता. ते काम पॉटरिंग यांचं नव्हे, निव्वळ योगायोग.

योगायोगालाही वेळेचं भान असतं.

स्लॅकवेअर आजही जुन्या स्क्रिप्टांवर आहे. व्हॉइड रनिटवर चालतं, अल्पाइन ओपनआरसीवर. तिथली मशीनंही रोज सुरू होतात. तरी ही भांडणं झाडून सगळी सिस्टिमडीवर बसूनच होतात. देवुआनवर गेलेले ओळखीतले मोजून बघा. एका हाताची बोटं उरतील.

तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नल आहे आणि एक नंबरला इनिटच आहे. त्याचं स्वतःचं, निराळं. त्यासाठी कधी मतदान झालं? राजीनामे पडले? गूगलने ठरवलं, आपण सुप्रभातचे फोटो पाठवत राहिलो.

आता खुर्चीवरून खाली या. काल रात्री मशीन बूट झालं नाही. दोष एक नंबरचा?

बहुधा शेवटचा हात ज्याने लावला त्याचा.

एफएसटॅब घ्या. कोणती डिस्क कुठे जोडायची, याची ही यादी. बाहेरची हार्डडिस्क तिच्यात हौसेने लिहिली जाते. मग डिस्क मामेभावाकडे सिनेमे आणायला जाते. मशीन सुरू होताना यादी वाचतं, दीड मिनिट वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. त्या ओळीत 'नोफेल' हा एक शब्द असता, तर डिस्कविना पुढे गेलं असतं. शिव्या मात्र पॉटरिंग यांना.

इमर्जन्सी मोडची तऱ्हा आणखी पुढची. दुरुस्तीसाठी रूटचा पासवर्ड द्या म्हणतो. काही लिनक्समध्ये रूटचं खातं इन्स्टॉल करतानाच बंद ठेवलेलं असतं. मग तो सांगतो, रूट बंद आहे, एंटर दाबा. एंटर दाबला की पुन्हा तेच. सुरक्षा इतकी चोख, की दुरुस्तीलाही मज्जाव.

दुसरा नेहमीचा आरोपी म्हणजे भरलेलं बूट पार्टिशन. अपडेट येतं, नवा कर्नल येतो, जुना जात नाही. हळूहळू जागा संपते आणि नव्या कर्नलची शिदोरी अर्धवट राहते. रीबूट केलं की कर्नल म्हणतो, रूट फाइलसिस्टिम सापडत नाही. आणि पॅनिक. अशा वेळी ग्रबच्या मेनूत जाऊन मागचा कर्नल निवडला की मशीन निमूट सुरू होतं. पण सल्ला काय मिळतो? फॉरमॅट मार.

फॉरमॅट मार हा आपला राष्ट्रीय उपाय आहे. जेवढ्या वेळात रोग कळला असता, तेवढ्यात रोगी जाळून मोकळे.

ग्रबचा मेनूही आता सहजी दिसत नाही. एकच सिस्टिम असली की उबंटू तो लपवतो. एस्केप किंवा शिफ्ट नेमक्या क्षणी दाबायची. उशीर झाला तर पुन्हा रीबूट. मेनू लपवून वाचवलेली सेकंदं अशी व्याजासकट परत जातात.

बूट होताना सरसर धावणाऱ्या ओळी आठवतात? लोक घाबरतात म्हणून त्या झाकल्या. कर्नलला 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' असे दोन शब्द दिले, वर लोगो आणि गोल फिरणारं चक्र ठेवलं. बिघडलं तरी चक्र फिरतच राहतं. मग मदत मागणारा पडद्याचा फोटो पाठवतो. फोटोत लोगो.

छान आहे लोगो. एस्केप दाबा आता.

लॉगचं प्रकरण वेगळंच. पूर्वी ते साध्या मजकुराच्या फायलीत असायचे, कुठेही उघडा आणि वाचा. सिस्टिमडीने ते बायनरी केले. वाचायला जर्नलसीटीएल लागतं. यावर लोकांनी आकाशपाताळ एक केलं. खरी गोम मात्र निराळी. लॉगचं फोल्डर डिस्कवर तयार केलेलं नसेल, तर जर्नल नुसतं मेमरीत राहतं. रीबूट केलं की मागच्या बूटचा पुरावा नष्ट. आणि मशीन अडलं की आपण पहिलं काय करतो?

रीबूट.

मशीन सुरू व्हायला वेळ लागतो, अशी तक्रार असली की 'सिस्टिमडी-अ‍ॅनालाइज ब्लेम' चालवा म्हणतात. दोषारोप करणारी कमांड! आपल्याला अशी गोष्ट आवडणारच. यादीत बऱ्याचदा सर्वांत वर कोण असतं? नेटवर्क येईपर्यंत थांबणारी सर्व्हिस. थांबणं हेच जिचं काम, तिला उशिराबद्दल फाशी. कमांडच्या माहितीपुस्तकातच लिहिलंय, की हा आकडा फसवा असू शकतो, एक सर्व्हिस दुसरीसाठी थांबलेली असू शकते. खरं अडलेलं बघायचं तर 'क्रिटिकल-चेन' हा पर्याय आहे.

पण त्याच्या नावात ब्लेम नाही ना.

बंद करतानाही सुटका नाही. पडद्यावर स्टॉप जॉब चालू असल्याचं येतं आणि दीड मिनिटाचा आकडा मोजायला लागतो. लॅपटॉप हातात, बॅग उघडी, बाहेर रिक्षा उभी. फेडोरावाल्यांनी २०२३ मध्ये ही मुदत कमी करायची ठरवली. १५ सेकंद करू म्हणाले, ४५ वर तडजोड झाली. मशीन किती वेळात मरावं, यालाही वाटाघाटी लागल्या.

पासवर्ड विसरलात? ग्रबच्या मेनूत ई दाबा. कर्नलच्या ओळीला 'इनिट बरोबर बिन-बॅश' जोडा. एक नंबरच्या खुर्चीवर थेट शेल येऊन बसतं, पासवर्ड न विचारता, रूटच्या हक्काने. डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडलेली असते, ती लिहिण्यासाठी पुन्हा जोडून घ्या आणि खुशाल नवा पासवर्ड ठेवा. किती सोय आहे नाही?

चोरालाही तेवढीच. डिस्क एन्क्रिप्ट केली नसेल, तर तुमचा सोळा अक्षरी पासवर्ड ही निव्वळ समजूत आहे.

सुरक्षेच्या नावाने तर बूट आणखी वेळा मोडलंय. जुलै २०२०, ग्रबमध्ये बूटहोल नावाचं भगदाड सापडलं. तातडीने पॅच आले. रेड हॅटच्या पॅचनंतर काही सर्व्हर बूटच होईनात. भगदाड बुजलं, हल्लेखोराला वाव उरला नाही. मालकालाही नाही.

ऑगस्ट २०२४, मायक्रोसॉफ्टचं एक विंडोज अपडेट आलं. विंडोज आणि लिनक्स एकत्र नांदत असलेल्या मशीनवर ते लागू होणार नाही, असं सांगितलं होतं. लागू झालं. लिनक्स सुरू करायला गेलं की पडद्यावर काहीतरी फारच बिघडल्याचा निरोप आणि मशीन बंद. निदान निरोप तरी प्रामाणिक होता.

हे सगळं टाळायला म्हणून लोक कंटेनरमध्ये गेले. तिथे बूट नाही, इनिट नाही, तुमचा प्रोग्राम थेट एक नंबरला. पण खुर्चीसोबत कामंही येतात. मेलेल्या प्रोसेसची नोंद कोण मिटवणार? थांबायचा सिग्नल कोण ऐकणार? तुमच्या प्रोग्रामला यातलं काही शिकवलेलं नसतं. कंटेनर चालवणारा डॉकर सभ्यपणे थांब म्हणतो, दहा सेकंद वाट बघतो आणि मग गोळी घालतो. अखेर २०१७ मध्ये डॉकरने एक चिमुकला इनिट सोबत द्यायची सोय केली.

इनिटला कंटाळून घर सोडलं, नव्या घरात इनिटचीच जाहिरात द्यावी लागली.

तात्पर्य काय? खुर्चीवर कोण, यावर दहा वर्षं घसा कोरडा झाला. मशीन मात्र अडतं ते यादीतल्या एका ओळीने, भरलेल्या पार्टिशनने किंवा अर्धवट अपडेटने. सिस्टिम फाइव्हच्या काळातही एफएसटॅब चुकवली की मशीन अडायचं. सिस्टिमडी नको म्हणून देवुआनवर गेलात, तरी एफएसटॅब तुमच्याच हाताने लिहिणार ना?

तेव्हा तूर्त एवढंच करा. एफएसटॅबला हात लावलात, तर रीबूट करण्याआधी 'फाइंडमाउंट'ला 'व्हेरिफाय' सांगून ती तपासून घ्या. मागचा एक कर्नल ठेवा, त्याआधीचे पुसा. जर्नल डिस्कवर लिहिलं जातंय का, ते आजच बघा, मशीन धडधाकट असताना. एक लाइव्ह पेनड्राइव्ह खणात ठेवा आणि त्यावर सिनेमे भरू नका. मशीन अडलंच, तर रीबूट मारण्याआधी पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. शेवटची ओळ वाचलीत तरी पुष्कळ.

सिस्टिमडी चांगलं की वाईट, हा वाद मग खुशाल घाला. त्यासाठी चालू मशीन लागतं.